टर्बोवरचा ओघळ

दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि उमेर तिच्यापासून हातभर अंतरावर स्टुलावर बसून फोनवर बोट फिरवत होता. इरम मागच्या दारातून आत आली ती ओढणी नाकाला लावूनच. तिनं आधी गॅसचं बटण बंद केलं, मग खिडकी उघडली, मग नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही इथंच बसलाय?" ती म्हणाली. "सगळ्या घरात गॅस भरलाय. तुम्हाला वास नाय आला?" "लक्ष नव्हतं," उमेर म्हणाला. ती फडक्यानं ओटा पुसत राहिली आणि पुसता पुसता तिनं दोनदा मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तिच्या त्या बघण्यात राग नव्हता, हेच त्याला अवघड वाटलं. राग असता तर त्यानं बाहेर निघून जाऊन तो संपवला असता. बाहेर तो तसाही गेलाच. चपला घालता घालता त्यानं नाकानं एक मोठा श्वास ओढून बघितला, आणि खरोखरच त्याला गॅसचा वास आला. निदान आला असं वाटलं. इरमनं सांगायच्या आधी तो का आला नव्हता आणि सांगितल्यावर का आला, हे कोडं डोक्यात घेऊन त्यानं मोटरसायकलला किक मारली.

कोकणनगरातून हातखंब्याला गॅरेजवर जायचा रस्ता त्याच्या अंगवळणी इतका पडला होता की रस्त्यावर तो गाडी चालवतोय असं त्याला वाटतच नसे. पूर्वी हा रस्ता त्याला वासांनी कळायचा. साळवी स्टॉपला पहाटेचे वडे, पुढे चिऱ्याच्या खाणीतून येणाऱ्या ट्रकांची ओली तांबडी माती, त्याच्या पुढे थंडीच्या दिवसांत आंब्याच्या मोहोराचा तो गोडसर, जरा आंबूस वास. आजही मोहोर होता. कलमं पांढुरकी, पिवळट दिसत होती, आणि दिसल्याबरोबर त्याच्या टाळूच्या मागे कुठंतरी मोहोराचा वास उमटला. उमेरनं मुद्दाम डोळे रस्त्यावर ठेवले, बागेकडे बघायचं टाळलं. वास गेला. पुन्हा बघितलं. आला. म्हणजे डोळ्यांनी येतो की काय वास, असं त्याच्या मनात आलं आणि एका डंपरनं मागून हॉर्न दिल्यावर तो दचकून कडेला झाला.

कोविडच्या साथीत त्याचं नाक गेलं होतं, तसं खूप जणांचं गेलं होतं. मग काही महिन्यांनी ते वेडंवाकडं परत आलं. कांद्याला रबर जळल्याचा वास यायचा, साबणाला माशाचा. त्या दिवसांत इरम रोज विचारायची, आणि एके दिवशी कंटाळून त्यानं सांगून टाकलं की आलं सगळं ठिकाणावर. तिनं त्या रात्री सुरमईचं कालवण केलं होतं. त्यानं बोटं चाटून खाल्लं. त्याला आंबट कळलं होतं, तिखट कळलं होतं, आणि बाकीचं त्यानं आठवून घेतलं होतं. त्यानंतर आजपर्यंत तो आठवूनच जेवत होता. ते खोटं होतं का, हे त्याला नक्की सांगता आलं नसतं. आठवण इतकी हुबेहूब यायची की नाक कुठं संपतं आणि डोकं कुठं सुरू होतं ते त्याला समजेनासं झालं होतं.

गॅरेजच्या दारात पांढरी गाडी आधीच उभी होती. राजापूरच्या उमाताईंची. ताई स्वतः बाहेर उभ्या होत्या, साडीवर स्वेटर, आणि डावीकडच्या सीटवर त्यांचे यजमान गोपाळकृष्ण मफलर गुंडाळून डोळे मिटून बसले होते. त्यांच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. ठरलेल्या वारी ताई त्यांना स्वतः गाडी चालवत राजापूरहून रत्नागिरीला डायलिसिसला आणत आणि संध्याकाळच्या आत परत नेत. गाडी जुनी होती, डिझेलवरची, पण ताईंचा हात हलका होता आणि गाडी नीट ठेवलेली होती. "उमेरभाई," ताई गाडीवर हात ठेवून म्हणाल्या, "हिनं परत अंगण घाण केलंन्." आवाजात तक्रार नव्हती. वर्गातल्या एखाद्या पोरीनं परत दंगा केलान्, असं बाईंनी सांगावं तसं त्या सांगत होत्या. त्या खरंच शाळेत शिकवत असत, यजमान आजारी पडल्यावर त्यांनी नोकरी सोडली होती.

उमेरनं बॉनेट उघडलं. इंजिनात जोरानं हवा भरणाऱ्या टर्बोच्या बाजूला, गोगलगाईच्या शंखासारख्या त्या लोखंडी पोटावर, काळा ओला ओघळ होता. हाच ओघळ त्यानं पहिल्यांदा पाहिला तेव्हा टर्बोतून ऑइल खाली नेणाऱ्या पाईपचं पॅकिंग बदललं होतं. मग वरून ऑइल आणणाऱ्या पाईपच्या तांब्याच्या वायसर बदलल्या होत्या. दोन्ही वेळा चार दिवस सुकं आणि मग पुन्हा हा ओघळ. दर वेळी तो ताईंना म्हणाला होता, चालवा बिनधास्त, थोडं ऑइल गळतंय, लेव्हलवर लक्ष ठेवा. आता त्यानं ऑइलची पट्टी काढून पुसून पुन्हा बुडवून बघितली. ऑइल जिथल्या तिथं होतं. एवढं गळून कमी कसं होत नाही, हा प्रश्न त्याला मागच्या वेळीही पडला होता आणि त्यानं तो बाजूला सारला होता. आज तो बाजूला जाईना. त्यानं ओघळाला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं. ऑइलचा वास आला. जुन्या, तापून करपलेल्या ऑइलचा. त्याला एकदम सकाळच्या शेगडीची आठवण झाली आणि बोट नाकापाशी तसंच राहिलं.

"गाडी आज ठेवून जा, ताई," तो म्हणाला.

"आणि यांना?"

"नितेशला सांगतो. त्याची रिक्षा आहे, तो नेईल आणि परत आणील."

ताईंनी गाडीत वाकून यजमानांना सांगितलं. गोपाळकृष्ण डोळे न उघडताच म्हणाले, "रिक्षाच बरी. हिच्यात वास येतो." "हो, हो," ताई म्हणाल्या, आणि त्यांना उतरवून घेताना उमेरकडे बघून हळू आवाजात पुढे म्हणाल्या, "त्यांना सगळ्याचाच वास येतो हल्ली. भाताला लोखंडाचा येतो, पाण्याला येतो. डॉक्टरांनी सांगितलंनी, या आजारात तोंडाची चव आणि नाक फिरतं म्हणून." गोपाळकृष्णांनी ते ऐकलं असावं. त्यांनी मफलर नाकावर ओढून घेतला. दोघांना घेऊन रिक्षा रत्नागिरीकडे गेली, आणि उमेर त्या उघड्या बॉनेटसमोर एकटा राहिला.

त्यानं टर्बोकडे येणारा हवेचा जाड पाईप काढला, आत बोट घालून चक्राचा दांडा हलवून पाहिला. पुढेमागे अजिबात नाही, वरखाली किंचित, असावा तेवढाच. म्हणजे टर्बो चांगला. मग इंजिनाचा श्वास सोडणारी नळी तुंबलीय का ते पाहिलं. ती मोकळी होती. पाईपाच्या आत तेलाचा पातळ हात फिरवल्यासारखा थर होता, तो सगळ्याच जुन्या गाड्यांत असतो. एकेक गोष्ट बरोबर निघत गेली तसा त्याचा गोंधळ वाढत गेला. काहीतरी चुकलेलं सापडलं असतं तर बरं झालं असतं. पूर्वी मस्कतच्या वर्कशॉपमध्ये त्याचा मल्याळी फोरमन गाडी दारातून आत येतानाच त्याला हाक मारायचा, रत्नागिरी, सांग काय आहे. आणि उमेर जागेवरून न उठता नुसत्या वासावरून सांगायचा, कूलंट गळतोय, किंवा क्लच जळलाय, किंवा मागचं ब्रेक घासतंय. अरब मालकाला ती जादू वाटे, तो पाहुण्यांना आणून दाखवी. उमेरला त्यात जादू वाटत नसे. उलट कधीकधी त्याला ते लाजिरवाणंच वाटे, कारण ते नाक त्याच्याकडे कुठून आलं होतं हे त्याला ठाऊक होतं.

ते नाटे गावाहून आलं होतं. नाट्याच्या बंदरावर त्याचा बाप होडी लावायचा, आणि घरात, कपड्यांत, उशीत, वहीच्या पानांत मासळीचा वास मुरलेला असायचा. तो वास आहे हे उमेरला रत्नागिरीच्या शाळेत घातल्यावर कळलं. शेजारी बसणारा विनीत नावाचा मुलगा दुसऱ्याच दिवशी काही न बोलता पुढच्या बाकावर जाऊन बसला. त्यानं चेष्टा केली असती तर भांडता आलं असतं. तो नुसता उठून गेला, वही-पेन्सिल गोळा करून, अगदी सभ्यपणे. त्यानंतर उमेर मामाच्या घरी रोज सकाळी लिंबाच्या सालीनं हात घासायचा, आणि वर्गात बसून सतत स्वतःचा वास घ्यायचा, दुसऱ्यांना तो पोचायच्या आधी आपल्याला कळावा म्हणून. तसा वास घेता घेताच ते नाक तयार झालं होतं. सुट्टीत घरी गेला की बाप त्याला जवळ घ्यायचा आणि उमेर श्वास रोखून उभा राहायचा. बाप गेला तेव्हा उमेर मस्कतला होता. आता, इतक्या वर्षांनी, त्याला कधीकधी त्या जाळ्याचा, ओल्या दोराचा, बापाच्या बनियनचा वास आठवायचा प्रयत्न करावासा वाटे. सुरमई आठवे, ऑइल आठवे, मोहोर आठवे. तो एक वास मात्र येत नसे. श्वास रोखून धरला होता, मग आठवणार कुठून, असं तो मनाशी म्हणे, आणि मग हेही खरं की काय, असं त्याला वाटे.

त्यानं इंजिनाचा तो भाग फवारा मारून धुतला, हवेनं कोरडा केला, आणि शेजारच्या दुकानातून अंगाला लावायच्या पावडरीचा डबा आणून टर्बोवर, त्याच्या वरच्या भागावर, कोपऱ्याकोपऱ्यांत पावडर उडवली. इंजिन पांढरं झालं, पावडर लावून बसवलेल्या आजाऱ्यासारखं. मग तो गाडी घेऊन पालीपर्यंत गेला, चढावर मुद्दाम जोर देत, आणि परत आला. त्यानं बॉनेट उघडलं. पावडरीवर एक काळी, बारीक रेघ उमटली होती. टर्बोच्या खालच्या पाईपाशी नव्हती, वरच्याही पाईपाशी नव्हती. ती टर्बोच्याही वरून, इंजिनाच्या डोक्याच्या मागल्या कोपऱ्यातून खाली आली होती आणि टर्बोच्या पोटावर येऊन पसरली होती. टर्बो गळतच नव्हता. त्याच्यावर गळत होतं. इतके दिवस तो जिथं साचतंय तिथंच बघत बसला होता.

त्या कोपऱ्यात दोन गोष्टी एकमेकींना खेटून होत्या. एक, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगची कड, तिथून गळालं तर ऑइल. दुसरी, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलमधून उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारी बोटाएवढीही जाड नसलेली रबरी नळी, तिथून गळालं तर डिझेल. दोन्ही ओल्या होत्या. आणि ऑइल असेल तर ते टर्बोवर पडून धूर होईल, घाण होईल, फार तर गाडी थांबेल. डिझेल असेल तर. उमेरनं ते वाक्य मनात पुरं केलं नाही. चढावर टर्बो तापून लालबुंद होतो, हे त्यानं अंधारात डोळ्यांनी पाहिलेलं होतं. आंजणारीचा घाट त्याच्या डोळ्यांसमोर आला, त्या घाटात ही पांढरी गाडी, स्टिअरिंगवर ताई, डावीकडे मफलर गुंडाळलेला माणूस, ज्याला दार उघडून पटकन उतरताही यायचं नाही. चालवा बिनधास्त. हे शब्द त्याचेच होते.

त्यानं बोट लावलं. बोटं एकमेकांवर चोळली. पातळ वाटलं, पण तापलेलं ऑइलही पातळ असतं. कागदावर थेंब टिपून उन्हात धरला; डाग पसरला, पण मध्ये काळा ठिपका राहिला, म्हणजे दोन्ही असू शकत होतं, किंवा जुनी काजळी मिसळली होती. मग त्यानं बोट नाकाशी नेलं. डिझेलचा वास आला. स्पष्ट, नाकात झोंबणारा. निदान कळलं तरी, म्हणून त्याचा जीव भांड्यात पडणार इतक्यात त्याच्या ध्यानात आलं की आत्ताच, हे डिझेल असेल का असं आपण मनात म्हटलं होतं. त्यानं डोळे मिटले, मनात म्हटलं, ऑइल आहे, जुनं ऑइल, आणि पुन्हा बोट नाकाशी नेलं. ऑइलचा वास आला. तो तिथंच बंपरवर टेकला. समोरून हायवेवर गाड्या जात होत्या, गोव्याकडे, मुंबईकडे, आणि त्यांतली एकही कुठल्या वासाची आहे हे त्याला सांगता आलं नसतं. नळी आणि पॅकिंग दोन्ही बदलून मोकळं होता आलं असतं. कुणाला काही सांगायची गरज नव्हती. पण गेल्या दोन खेपांना त्यानं तेच केलं होतं, बदलून मोकळा झाला होता, आणि कुठल्या गाडीत काय बदललं, ते खरंच तेच होतं का, असा प्रश्न आता एकेक जुनी गाडी घेऊन त्याच्यासमोर येऊन उभा राहायला लागला होता. साखरप्याची जीप. मिऱ्यावरच्या डॉक्टरांची गाडी. त्या सगळ्या त्यानं नाकानं तपासल्या होत्या आणि त्या सगळ्या वेळी त्याला वास आला होता.

दुपार कलल्यावर नितेशची रिक्षा आली. गोपाळकृष्णांना सुईच्या जागेवर पट्टी होती आणि चेहरा धुतलेल्या कपड्यासारखा फिका. ताईंनी त्यांना बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि मग गाडीपाशी येऊन पांढऱ्या पावडरीकडे पाहिलं. "हे काय?" उमेरनं दाखवलं. वरून खाली येणारी रेघ, दोन जागा, दोन्ही ओल्या. समजावताना त्याचा आवाज नेहमीसारखा निघत होता, हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. "मग कुठून येतंय ते बघून सांगा ना," ताई म्हणाल्या.

उमेरनं स्वच्छ फडकं घेतलं, ओल्या जागेवर टिपलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "ताई, जरा वास घ्या."

"मी? मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही घ्या."

"मला वास येत नाही," उमेर म्हणाला.

बोलून झाल्यावर त्याला वाटलं होतं तसं काही झालं नाही. हायवेवरचा आवाज तसाच चालू राहिला. ताई त्याच्याकडे बघत होत्या. "सर्दी झालीय?" त्यांनी विचारलं. "नाही. कोविडपासून येत नाही. म्हणजे येतो असं वाटतं, पण तो खरा की मनातला ते कळत नाही." ताईंनी हे नीट ऐकून घेतलं, एखाद्या मुलाचं चुकलेलं गणित पायरी पायरीनं बघावं तसं. मग म्हणाल्या, "आणि तुम्ही मला सांगितलंत, चालवा बिनधास्त." त्यांचा आवाज चढला नाही. "मी यांना घेऊन घाट उतरते, उमेरभाई. यांना साधं खिडकीची काच खाली करायला दोन्ही हात लागतात." माफ करा हा शब्द उमेरच्या तोंडाशी आला, पण तो फारच लहान वाटून त्यानं गिळला. ताईंनी फडकं त्याच्या हातातून घेतलं, नाकाशी धरलं, बाजूला केलं, पुन्हा धरलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "तेलासारखाच येतोय. गाडीचा वास. मला नाही सांगता येत," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरही तोच गोंधळ पसरला, जो सकाळपासून उमेर एकटा वागवत होता.

"इकडे आणा," बाकड्यावरून गोपाळकृष्ण म्हणाले.

ताईंनी वळून पाहिलं. "तुम्ही बसा स्वस्थ. आत्ताच तर—"

"आणा म्हटलं ना."

उमेरनं फडकं नेऊन दिलं. गोपाळकृष्णांनी ते नाकापासून बरंच लांब धरलं. जवळ आणायची त्यांना गरज पडली नाही. "डिझेल," ते म्हणाले. "ऑइल आहे थोडं, ते जुनं आहे, त्याला जळका वास आहे. पण वर ताजं डिझेल आहे. बागेतला पंप वीस वर्षं मी स्वतः चालवला, मला कळणार नाही?" मग त्यांनी फडकं घडी करून बाकड्यावर ठेवलं आणि ताईंकडे न बघता म्हणाले, "दिवाळीपासून सांगतोय मी, गाडीत डिझेलचा वास येतो म्हणून."

ताई जागच्या हलल्या नाहीत. उमेरनं दुसरीकडे बघितलं, पण कान तिथंच राहिले. "मला वाटलं, ट्रकांचा असेल," ताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, तुमचं ते नेहमीचं." गोपाळकृष्ण म्हणाले, "मलाही तसंच वाटायला लागलं होतं गं. तुम्ही सगळे तसं सांगता म्हटल्यावर." ताई त्यांच्याजवळ बाकड्यावर जाऊन बसल्या आणि त्यांच्या गळ्याभोवतीचा मफलर, तो नीट असतानाच, सोडून पुन्हा गुंडाळायला लागल्या.

उमेर कामाला लागला. नळी काढली तेव्हा तिच्या वाकलेल्या भागावर नखानं ओढल्यासारखी भेग होती. बोटानं दाबली की उघडायची, सोडली की मिटायची. इंजिन संथ चालताना ती मिटलेली राहत असणार आणि चढावर उघडत असणार. त्यानं नवी नळी बसवली, कव्हरचं पॅकिंगही बदललं, सगळं पुन्हा धुतलं. हात चालत होते आणि डोकं मागे राहिलं होतं. त्याला हलकं वाटायला हवं होतं. दोष सापडला होता, दुरुस्त झाला होता. तसं वाटत नव्हतं. त्याला बाकड्यावर बसलेल्या त्या माणसाचा हेवा वाटत होता आणि त्या हेव्याची शरमही वाटत होती. धुऊन झाल्यावर तो हात पुसत बाकड्याकडे गेला. "काका," तो म्हणाला, "चढावर एकदा फिरवून आणायला हवी. मी एकटा गेलो तर मला काही कळणार नाही. तुम्ही याल का?" ताई काही बोलणार होत्या, पण गोपाळकृष्ण बाकड्याचा आधार घेऊन उठले होते.

पालीच्या बाजूला रस्ता मोकळा होता. उमेरनं चढावर गाडी खालच्या गिअरवर घेऊन इंजिनाला ताण दिला. पंखा लावला, हवा आत येऊ दिली. गोपाळकृष्ण सरळ बसून समोर बघत होते, परीक्षेला बसल्यासारखे. "येतो का?" उमेरनं विचारलं. "थांबा." चढ संपला, दुसरा आला. "मोहोराचा येतोय," ते म्हणाले. "कुणीतरी फवारणी केलीय, तो येतोय. डिझेलचा नाही." "नक्की?" "नक्की." उमेरनं गाडी वळवली. मग गोपाळकृष्ण म्हणाले, "उमेर, एक विचारू?"

"विचारा ना, काका."

"मला भाताला लोखंडाचा वास येतो. पाण्यालाही. डॉक्टर म्हणतात, तो आजाराचा आहे, खरा नाही. मी ते मान्य केलं होतं. नाक खोटं बोलतं असं एकदा ठरवलं की माणूस निवांत होतो, समोर येईल ते खातो." ते थांबले. "आता हा डिझेलचा खरा निघाला. मग तो लोखंडाचा कसला म्हणायचा?"

विहिरीचं पाणी तपासून घ्या, असं म्हणता आलं असतं. डॉक्टरांना बरोबर कळतं, असंही म्हणता आलं असतं. दोन्ही वाक्यं उमेरला त्याच्याच त्या 'चालवा बिनधास्त'सारखी वाटली. "मला नाही सांगता येत, काका," तो म्हणाला. "मला कालवणातलं मीठ कळतं, आंबट कळतं. बाकी मी आठवून जेवतो. बायकोला चांगलं झालंय म्हणून सांगतो." "आणि असतं का चांगलं?" "कुणास ठाऊक." गोपाळकृष्ण यावर हसले, आवाज न करता, खांदे हलवून, आणि उमेरलाही हसू आलं, ते कशाचं हे न कळता.

गॅरेजपाशी ताई रस्त्याच्या कडेलाच उभ्या होत्या. उमेर उतरला, त्या स्टिअरिंगवर बसल्या, सीट पुढे घेतली. काचेतून उमेरकडे बघून त्या म्हणाल्या, "मी पुढच्या वेळी येईन ती दाखवायलाच येईन. सोबत कुणी वास घेणारं ठेवा तुमच्या." त्याला ते बोलणं लागलं आणि ते लागावं असंच होतं, पण पुढच्या वेळी येईन, हेही त्यात होतं. मग त्यांनी इंजिन चालू केलं आणि लगेच गिअर टाकला नाही. यजमानांकडे मान वळवून विचारलं, "येतोय?" गोपाळकृष्णांनी घाई केली नाही. डोळे मिटले, श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. ताई हात गिअरवर ठेवून वाट बघत राहिल्या. "नाही," ते म्हणाले. "चल." गाडी राजापूरच्या दिशेनं निघाली, आणि पुढच्या वळणाआड जाईपर्यंत उमेर ती बघत राहिला.

तो आत वळणार तोच एक पिकअप येऊन थांबला. मागे काजूची पोती होती. ड्रायव्हर उतरला, अनोळखी होता, लांज्याकडचा असावा बोलण्यावरून. त्यानं बॉनेट वर केलं आणि म्हणाला, "बघा ओ जरा. सकाळपासून कसला तरी वास मारताय." उमेर इंजिनावर वाकला. त्याच्या नाकात लगेच काहीतरी उमटलं, कूलंटसारखं, गोड. त्यानं ते तिथंच राहू दिलं आणि सरळ उभा राहिला.

"कसला ते तुम्ही सांगा," तो म्हणाला. "मला वास येत नाही."

ड्रायव्हर त्याच्याकडे, मग गॅरेजच्या पाटीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे बघत राहिला. मग दुसरा इलाज नसल्यासारखा, कपाळाला आठ्या घालून, तो स्वतःच्याच इंजिनावर वाकला.

"गोडसर येतोय," तो जरा वेळानं म्हणाला. "नाय. थांबा." आणि आणखी खाली वाकला. उमेर त्याच्या बाजूला उभा राहून वाट बघू लागला.